2011 चे नोंदणीकृत मृत्युपत्र की 2019 चा घरी लिहिलेला कागद?

प्रश्न असा आहे. वडील पुण्यात राहत होते, गेल्या वर्षी वारले. 2011 साली त्यांनी दुय्यम निबंधकाकडे नोंदवून मृत्युपत्र केले आणि सदनिका, गावाकडची शेती, बँकेतल्या ठेवी असे सगळे थोरल्या मुलाच्या नावे लिहिले. 2019 साली घरीच फुलस्केप कागदावर स्वतःच्या हाताने दुसरे मृत्युपत्र लिहिले. त्यात फक्त सदनिका मुलीला दिली आहे, आधीच्या मृत्युपत्राचा उल्लेख नाही. शेजारी आणि घरचे डॉक्टर असे दोन साक्षीदार आहेत. शिवाय 2011 च्या मूळ प्रतीवर त्यांनी लाल पेनाने आडवे ‘रद्द’ लिहून सही केली आहे. भाऊ म्हणतो, नोंदणीकृत कागदापुढे घरचा कागद टिकत नाही, त्याला स्टॅम्प नाही, नोटरी नाही आणि सोसायटीत नॉमिनी म्हणून त्याचेच नाव आहे. मुलगी विचारते, माझ्या कागदाला काही किंमत आहे का?

आहे, आणि बरीच आहे. मात्र ती ज्या कारणाने आहे ते बहुतेकांना वाटते त्याहून वेगळे आहे.

हिंदू, बौद्ध, जैन, शीख, ख्रिस्ती आणि पारशी यांच्या मृत्युपत्राला भारतीय उत्तराधिकार कायदा, 1925 लागतो. त्यातले कलम 63 हा सगळ्या विषयाचा कणा आहे. त्यात स्टॅम्प पेपर नाही, नोटरी नाही, नोंदणी नाही, वकील नाही, छापील मजकूरही नाही. तीनच गोष्टी मागितल्या आहेत. मृत्युपत्र करणाऱ्याने सही किंवा अंगठा करावा, किंवा त्याच्या समक्ष आणि त्याच्या सांगण्यावरून दुसऱ्याने त्याच्यासाठी सही करावी. ती सही कागदावर अशा जागी असावी की या मजकुराला मृत्युपत्राचे रूप देण्यासाठीच ती केली आहे हे दिसावे. आणि किमान दोन साक्षीदारांनी साक्षांकन केलेले असावे. तिसऱ्या अटीचे तपशील नीट वाचा, कारण नव्वद टक्के भांडण तिथेच उभे राहते. प्रत्येक साक्षीदाराने करणाऱ्याला सही करताना पाहिलेले असावे, किंवा ‘ही सही माझी’ असे करणाऱ्याच्या तोंडून ऐकलेले असावे. आणि प्रत्येक साक्षीदाराने स्वतःची सही करणाऱ्याच्या समक्ष केलेली असावी. दोन्ही साक्षीदार एकाच वेळी हजर असलेच पाहिजेत असे कायदा म्हणत नाही. सकाळी डॉक्टर आणि संध्याकाळी शेजारी, असेही चालते, फक्त दोन्ही वेळी करणारा समोर हवा. साक्षीदाराला मजकूर वाचून दाखवण्याचीही गरज नाही. आपण मृत्युपत्राला साक्ष देतोय एवढे त्याला ठाऊक असले की पुरे.

नोंदणी ऐच्छिक आहे, नोंदणी कायद्याचे कलम 18 तसे स्पष्ट सांगते. मृत्युपत्राला मुद्रांक शुल्कही लागत नाही. म्हणून नंतरचे घरगुती मृत्युपत्र कलम 63 मध्ये बसत असेल तर आधीचे नोंदणीकृत मृत्युपत्र त्याच्यापुढे मागे पडते. नोंदणी झालेले मृत्युपत्र रद्द करायला नोंदणीच लागते, हा समज चुकीचा आहे. नोंदणीचा उपयोग पुराव्याचा. कागद हरवत नाही, तारीख निर्विवाद राहते, फोटो आणि अंगठ्याचा ठसा दप्तरात राहतो. पण नोंदणी झाली म्हणून मृत्युपत्र आपोआप सिद्ध होत नाही. तुमच्या भावालाही 2011 चा एक साक्षीदार न्यायालयात उभा करावाच लागेल. दुय्यम निबंधकाकडे ओळख पटवायला आलेली माणसे आपोआप साक्षांकन करणारे साक्षीदार ठरत नाहीत, हे लक्षात असू द्या. 2011 च्या कागदावर साक्षीदार म्हणून कोण आहे आणि ओळख देणारे म्हणून कोण, हे वेगवेगळे तपासा.

आता ‘रद्द’ या लाल अक्षरांकडे येऊ. इथे तुम्हाला वाईट बातमी आहे. मृत्युपत्र कसे रद्द होते ते कलम 70 सांगते: नंतरच्या मृत्युपत्राने किंवा पुरवणी मृत्युपत्राने, रद्द करण्याचा इरादा सांगणाऱ्या आणि मृत्युपत्रासारख्याच रीतीने, म्हणजे दोन साक्षीदारांसह, केलेल्या लेखाने, अथवा करणाऱ्याने स्वतः किंवा त्याच्या समक्ष त्याच्या सांगण्यावरून दुसऱ्याने तो कागद रद्द करण्याच्या हेतूने जाळला, फाडला किंवा नष्ट केला तर. कागदावर आडव्या रेघा मारणे, ‘रद्द’ लिहून एकट्याने सही करणे यांतल्या कशातच बसत नाही. साक्षीदार नसतील तर कायद्याच्या दृष्टीने ती लाल अक्षरे म्हणजे कागदावरची शाई. वडिलांचे मन बदलले होते हे दाखवायला पुरावा म्हणून ती उपयोगी पडतील, म्हणून तो कागद जपा. पण तेवढ्याने 2011 चे मृत्युपत्र रद्द झाले असे होत नाही. कलम 71 ही याच धाटणीचे आहे. सह्या झाल्यावर मजकुरात खाडाखोड केली किंवा ओळींच्या मध्ये शब्द घातले, तर त्या बदलाजवळ समासात करणाऱ्याची आणि साक्षीदारांची सही लागते. नसेल तर बदल नाहीच असे समजून जुना मजकूर वाचला जातो, वाचता येत असेल तर.

ख्रिस्ती आणि पारशी माणसाचे मृत्युपत्र त्याच्या लग्नाने आपोआप रद्द होते. हिंदूंना हा नियम लागत नाही. आपल्याकडचे इंटरनेटवरचे बरेच लेख हा फरक न सांगता सरसकट लिहितात. तसेच साक्षीदाराला किंवा त्याच्या जोडीदाराला दिलेली देणगी बाद होण्याचा कलम 67 चा नियमही हिंदूंना लागू नाही. तरीही लाभार्थ्याला साक्षीदार करू नका. कायद्याने बाद होत नसले तरी उलटतपासणीत तोच पहिला घाव बसतो.

मग तुमच्या बाबतीत 2011 चे मृत्युपत्र कशाने मागे हटते? 2019 च्या मृत्युपत्राने, पण सदनिकेपुरतेच. नंतरच्या कागदात ‘यापूर्वीची सर्व मृत्युपत्रे रद्द’ असे वाक्य नसेल तर विसंगती असेल तेवढ्याच भागात आधीचे बाजूला होते आणि बाकीचे जिवंत राहते. म्हणजे सदनिका तुमची, ठेवी भावाच्या, आणि शेती वडिलांना देता येत होती तेवढी भावाची. ते एक वाक्य लिहायचे राहिले की घरोघरी असेच दोन कागद शेजारी ठेवून वाचावे लागतात. मृत्युपत्र लिहिणाऱ्या प्रत्येकाने ते पहिल्याच परिच्छेदात, आधीच्या मृत्युपत्राची तारीख आणि दस्त क्रमांकासह लिहावे.

‘देता येत होती तेवढी’ असे का म्हटले ते सांगतो. मृत्युपत्राने माणूस फक्त स्वतःचे देऊ शकतो. शेती वडिलांच्या स्वकष्टाची असेल तर ती त्यांनी कुणालाही द्यावी, मुलीला एक गुंठाही न देता. पण ती वडिलोपार्जित, एकत्र कुटुंबाची असेल तर हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या कलम 30 प्रमाणे त्यांना फक्त स्वतःच्या वाट्याचे मृत्युपत्र करता येते. 2005 च्या दुरुस्तीनंतर मुलगीही जन्माने सहदायाद, म्हणजे एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत वाटेकरी आहे, आणि 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वडील 2005 मध्ये हयात होते की नाही याने फरक पडत नाही असे ठरवले. 20 डिसेंबर 2004 पूर्वी रीतसर वाटप झालेले नसेल तर तुमचा स्वतःचा वाटा वडिलांच्या कोणत्याही मृत्युपत्राने जात नाही. त्यासाठी जुने फेरफार, गाव नमुना 6 आणि 1950 नंतरचे सातबारे काढून जमीन घरात कशी आली ते आधी पाहा. सातबाऱ्याच्या इतर हक्कात कूळकायद्याच्या कलम 43 ची (परवानगीशिवाय हस्तांतरणास बंदीची) नोंद असेल किंवा लाभार्थी शेतकरी नसेल, तर आणखी एक अडचण आहे. गुजरातेतून आलेल्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये म्हटले, की अशा जमिनीचे मृत्युपत्रानेही हस्तांतरण परवानगीशिवाय होत नाही. मूळ मुंबई कूळकायदा दोन्ही राज्यांना सामाईक असल्याने महाराष्ट्रातही हा निकाल पुढे केला जातो.

नॉमिनीचा मुद्दा थोडक्यात. सोसायटीतला नॉमिनी म्हणजे सोसायटीने सध्या कोणाशी व्यवहार करायचा याची सोय. मालकी मृत्युपत्राने किंवा वारसाहक्काने ठरते. शेअर आणि रोख्यांबाबतही 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हेच सांगितले.

आता खरी लढाई. तुमचा कागद कलम 63 मध्ये बसतो हे सिद्ध करायची जबाबदारी तुमची. भारतीय साक्ष्य अधिनियम, 2023 च्या कलम 67 प्रमाणे, जे पूर्वी पुरावा कायद्याचे कलम 68 होते, निदान एक साक्षांकन करणारा साक्षीदार तपासावा लागतो, तो हयात असेल आणि साक्ष देण्याजोगा असेल तर. इथे एक खाच आहे आणि तिच्यात चांगली चांगली मृत्युपत्रे बुडाली आहेत. एकच साक्षीदार तपासला तरी चालते, पण त्या एकाला दोघांचेही साक्षांकन सांगता आले पाहिजे. 2002 मध्ये महाराष्ट्रातल्याच एका दाव्यात सर्वोच्च न्यायालयाने एवढ्याच कारणावर मृत्युपत्र नाकारले. तपासलेल्या साक्षीदाराला दुसऱ्या साक्षीदाराने सही केल्याचे सांगता आले नाही, आणि दुसरा साक्षीदार हयात असूनही त्याला आणले नव्हते.

डॉक्टर पिंजऱ्यात उभे राहिले की काय विचारले जाईल, ते डोळ्यांपुढे आणा. कागद कोणी आणला? तुम्ही गेलात तेव्हा मजकूर लिहून झाला होता का? वडील खाटेवर होते की खुर्चीत? आधी सही कोणी केली? तुम्ही सही करताना वडील तुमच्याकडे पाहत होते का? शेजारी त्या वेळी खोलीत होते का, की त्यांची सही आधीच कागदावर होती? मुलगी कुठे होती? शाई एकच की वेगळी? शेवटच्या प्रश्नाचे उत्तर ‘आठवत नाही’ आले तर बिघडत नाही. पण ‘वडिलांनी माझ्यासमोर सही केली, मी त्यांच्यासमोर केली, शेजाऱ्यांनीही आमच्यासमोर केली’ हे तीन भाग सुटता कामा नयेत. साक्षीदाराला शब्द पढवू नका. काय घडले ते त्याला आधी शांतपणे आठवायला लावा आणि दोघांच्या आठवणी एकमेकांशी जुळतात का पाहा. शेजारी डॉक्टरांच्या आधी सही करून निघून गेले असतील आणि डॉक्टरांनी ते पाहिलेच नसेल, तर दोघांनाही तपासा. साक्षीदारांपैकी कोणीच हयात नसेल, तर निदान एकाची सही त्याच्या हातची आहे आणि करणाऱ्याची सही करणाऱ्याच्या हातची आहे, हे ओळखणाऱ्या माणसांकडून सिद्ध करावे लागते. कागद 30 वर्षांचा जुना झाला म्हणून त्याला खरे मानण्याची सूट मृत्युपत्राला मिळत नाही.

यानंतर येतात संशयास्पद परिस्थिती. सर्वोच्च न्यायालयाच्या 1958 च्या व्यंकटाचल अय्यंगार निकालापासून सगळी न्यायालये एकच कसोटी लावतात. कागद पुढे करणाऱ्याने न्यायाधीशाच्या मनातली प्रत्येक शंका दूर केली पाहिजे, विरुद्ध पक्षाने ती मांडली नसली तरी. कोणत्या गोष्टी शंका उभ्या करतात? सही थरथरती किंवा नेहमीपेक्षा वेगळी असणे. ज्याला सगळे मिळते त्यानेच कागद लिहून घेणे, वकील आणणे, साक्षीदार बोलावणे. मरणाच्या दोन दिवस आधी, आयसीयूतून घरी आणल्यावर झालेली सही. पत्नी हयात असताना तिचा उल्लेखच नसणे. मृत्युपत्र वर्षानुवर्षे लपवून ठेवणे. सह्या शेवटच्या पानावर आणि मजकूर मात्र नंतर बदललेल्या पानांवर, अशी दोन वेगळ्या कागदांची जोड. उलट, एखाद्या वारसाला वगळले एवढ्यानेच संशय निर्माण होत नाही. वारसाहक्काचा नेहमीचा क्रम बदलण्यासाठीच तर माणूस मृत्युपत्र करतो. पण का वगळले हे एका वाक्यात लिहिलेले असेल तर संशयाला जागाच राहत नाही. ‘थोरल्या मुलाला 2008 साली दुकानासाठी रक्कम दिली आहे, म्हणून सदनिका मुलीला’ एवढे पुरते.

तुमच्या कागदाच्या बाजूला मोठी जमेची गोष्ट म्हणजे तो पूर्ण वडिलांच्या हस्ताक्षरात आहे. स्वहस्ताक्षरातल्या मृत्युपत्रावर बनावटपणाचा आरोप टिकवणे अवघड जाते. त्यांची त्या काळातली पत्रे, बँकेचे अर्ज, डायरी जमवून ठेवा. हस्ताक्षरतज्ज्ञाला एकाच काळातले नमुने हवे असतात, वीस वर्षांपूर्वीचे नव्हे. डॉक्टर साक्षीदार आहेत हेही चांगले, कारण शुद्धीत असल्याचे तेच सांगतील. ‘शुद्धीत असणे’ म्हणजे काय हेही समजून घ्या. आपण काय करतोय, आपले काय आहे आणि आपले कोण आहेत, एवढे सही करतेवेळी कळणे. विस्मरणाचा आजार असलेल्या माणसालाही स्वच्छ मनःस्थितीच्या वेळेत मृत्युपत्र करता येते. आंधळ्या, बहिऱ्या, मुक्या माणसालाही करता येते. फक्त वाचून दाखवल्याची नोंद ठेवावी लागते.

आव्हान देणाऱ्यासाठी, म्हणजे तुम्ही 2011 च्या कागदाला आव्हान देणार असाल तर किंवा भाऊ 2019 च्या कागदाला देणार असेल तर, ओझे कोणावर हे ओळखा. सही खोटी आहे, शुद्ध नव्हती, साक्षांकन झाले नाही, हे म्हणणाऱ्याला काहीच सिद्ध करावे लागत नाही, पुढे करणाऱ्याला करावे लागते. पण ‘फसवणूक केली, धाक घातला, इतका तगादा लावला की त्यांची इच्छाच उरली नाही’ असे उत्तराधिकार कायद्याच्या कलम 61 चे म्हणणे असेल, तर ते तपशिलासह मांडून सिद्ध करण्याची जबाबदारी आरोप करणाऱ्याची. नुसती लेखी हरकत ‘मृत्युपत्र दबावाने केले’ एवढ्या ओळीत मांडली तर ती वाया जाते. कोणी, केव्हा, कोणत्या शब्दांनी, कुणासमोर, हे लिहावे लागते.

मार्ग दोन आहेत. जमिनीसाठी ग्राम महसूल अधिकाऱ्याकडे (पूर्वीचा तलाठी) मृत्युपत्रावरून फेरफार मागितला की हितसंबंधितांना नोटीस निघते. मुदतीत लेखी हरकत द्या, प्रकरण तक्रारी नोंदींत जाईल. मात्र महसूल अधिकारी मृत्युपत्र खरे की खोटे हे ठरवू शकत नाही, आणि फेरफार झाला म्हणून मालकी सिद्ध होत नाही. खरा निर्णय दिवाणी न्यायालयात वाटपाच्या किंवा हक्कघोषणेच्या दाव्यात, नाहीतर प्रोबेटच्या, म्हणजे मृत्युपत्र खरे असल्याच्या न्यायालयीन दाखल्याच्या, अर्जात होतो.

हिंदूंच्या पुण्यात केलेल्या आणि पुण्यातल्या मालमत्तेच्या मृत्युपत्राला प्रोबेटची सक्ती कधीच नव्हती. मुंबई शहर, चेन्नई आणि जुना बंगाल एवढ्यापुरती ती होती, आणि डिसेंबर 2025 मध्ये संसदेने उत्तराधिकार कायद्याचे कलम 213 काढून टाकल्याने तिथलीही गेली. सक्ती नसली तरी ऐच्छिक प्रोबेट अजूनही घेता येते, आणि तुमच्या बाबतीत माझा सल्ला तोच आहे. दोन कागद आहेत, भाऊ विरोधात आहे, सोसायटी कुणाच्याच बाजूने निर्णय घेणार नाही. 2019 च्या कागदात एक्झिक्युटर, म्हणजे मृत्युपत्राची अंमलबजावणी करणारा, नेमलेला नसल्यास प्रोबेटऐवजी ‘मृत्युपत्र जोडलेले लेटर्स ऑफ ॲडमिनिस्ट्रेशन’, म्हणजे मालमत्तेच्या व्यवस्थेचे अधिकारपत्र, मागावे लागेल. अर्जाला मूळ मृत्युपत्र, मृत्यू दाखला, सगळ्या वारसांची नावे-पत्ते, मालमत्तेची मूल्यासह यादी आणि शक्य तर एका साक्षीदाराची पडताळणी जोडतात. वारसांना सायटेशन, म्हणजे न्यायालयाची नोटीस, जाते. भावाने कॅव्हेट (हरकत) दाखल केले की अर्जाचे रूपांतर दाव्यात होते आणि साक्षी सुरू होतात. मृत्यूनंतर तीन वर्षांच्या आत अर्ज करा. त्यानंतरचा विलंब मुदतीचा वाद उभा करतोच, शिवाय ‘इतकी वर्षे कागद कुठे होता’ हा संशयही. प्रोबेट न्यायालय कागद खरा आहे का एवढेच पाहते. सदनिका वडिलांची होती का, शेती वडिलोपार्जित आहे का, हे प्रश्न तिथे नेऊ नका. ते वाटपाच्या दाव्यातले.

2011 ची प्रमाणित प्रत मिळवायला अडचण नाही. करणारा हयात असेपर्यंत ती फक्त त्याला किंवा त्याच्या प्रतिनिधीला मिळते. मृत्यूनंतर कोणीही अर्ज करून दुय्यम निबंधकाच्या पुस्तक क्रमांक 3, म्हणजे मृत्युपत्रांच्या नोंदवहीमधून घेऊ शकते. ती घेतल्यावर दुय्यम निबंधकाकडच्या प्रतीवर नसलेली लाल अक्षरे मूळ प्रतीवर नंतर आली हेही स्पष्ट होते.

नवे मृत्युपत्र लिहिणाऱ्यांसाठी दोन गोष्टी, ज्या नेहमी चुकतात. ‘माझ्या पश्चात सदनिका पत्नीची पूर्ण मालकीची, आणि तिच्या पश्चात मुलाची’ हे वाक्य स्वतःलाच कापते. पूर्ण मालकी दिली की पुढचे दान बाद. पत्नीला हयातीपुरताच वापर द्यायचा असेल तर ‘विक्री, गहाण, बक्षीस करण्याचा हक्क नाही’ असे स्वच्छ लिहा. तिच्या पोटगीच्या हक्कापोटी दिले असे वाचले गेल्यास मर्यादित हक्कही पूर्ण मालकीचा होऊ शकतो, म्हणून हा परिच्छेद जाणकाराकडून लिहून घ्या. दुसरे, मृत्युपत्रात ‘सदनिका क्रमांक 12’ लिहिली आणि पुढे सोसायटी पुनर्विकासाला गेली, तर मृत्यूच्या वेळी ती वस्तूच अस्तित्वात नसते आणि देणगी गळून पडल्याचा वाद होतो. ‘किंवा तिच्या बदल्यात मिळणारी सदनिका, भाडे, कॉर्पस रक्कम’ हे शब्द घाला, आणि शेवटी ‘वर न सांगितलेली उरलेली सर्व मालमत्ता अमुक व्यक्तीला’ असेही. ती ओळ नसेल तर उरलेले सगळे वारसाहक्काने वाटले जाते.

हे सर्व मुस्लिमांना लागू नाही. तिथे तोंडी मृत्युपत्रही चालते, पण वारसांच्या संमतीशिवाय एक-तृतीयांशापेक्षा अधिक देता येत नाही. गोव्यात 2012 च्या उत्तराधिकार कायद्याने आधीच्या पोर्तुगीज संहितेचीच परंपरा चालवली आहे. मुलांसारख्या सक्तीच्या वारसांचा निम्मा वाटा मृत्युपत्राने काढून घेता येत नाही, आणि मृत्युपत्र विशेष नोटरीसमोर होते. मूळ गोवेकराची पुण्या-मुंबईतली मालमत्ताही, 2019 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाप्रमाणे, गोव्याच्याच कायद्याने वाटली जाते.

तुम्ही या आठवड्यात करायचे ते एवढे: 2019 चा मूळ कागद प्लास्टिकच्या पारदर्शक पिशवीत, न दुमडता, न स्टेपल करता ठेवा. त्यावर तारीख, क्रमांक, शिक्का असे काहीही लिहू नका. रंगीत स्कॅन घ्या. डॉक्टर आणि शेजारी दोघांना भेटून त्या दिवशी काय घडले ते त्यांच्याच शब्दांत प्रतिज्ञापत्रावर घ्या. पुढे विरोध झाल्यास त्यांना पिंजऱ्यात यावेच लागेल, प्रतिज्ञापत्र त्याची जागा घेत नाही. शेजारी वयस्कर किंवा अंथरुणाला खिळलेले असतील, तर दाव्याच्या सुरुवातीलाच कमिशनमार्फत (न्यायालयाने नेमलेल्या व्यक्तीकडून) घरी साक्ष नोंदवण्याचा अर्ज द्या.